लय कोणी धरायची?

केसरबाई केरकरांची ७८ फेऱ्यांची जुनी ध्वनिमुद्रिका संगणकावर, कानाला हेडफोन लावून ऐकावी, तर स्वरांच्या पाठीमागे दोन आवाज येतात. एक तबकडीची खरखर. ती ओळखीची आहे, तिची तक्रार नाही. दुसरी बारीक चिरचिर, माऊस हलवला की वाढणारी. ती संगणकाची स्वतःची. ध्वनीचे नाजूक मंडल प्रोसेसरच्या शेजारी, त्याच विजेवर बसवलेले. शेजाऱ्याचा गोंगाट त्यात झिरपतो. अंकांचा नाद करण्याचे काम संगणकाबाहेरच्या वेगळ्या पेटीकडे, म्हणजे ज्याला सर्रास ‘डॅक’ म्हणतात त्याच्याकडे, सोपवण्याचे हे पहिले कारण.

गोंगाटाशी असलेले हे वैर मात्र संगणकाहून जुने आहे. अ‍ॅलेक रीव्ह्ज हा इंग्रज अभियंता १९३७ मध्ये पॅरिसमध्ये टेलिफोनवर काम करीत होता. लांबच्या तारेवर प्रत्येक टप्प्यावर आवाज वाढवला की त्यातली खरखरही वाढे. आवाजाची उंची ठरावीक काळाने मोजून केवळ आकडे पाठवावेत, हा त्याचा तोडगा. निर्वात नळ्यांच्या त्या काळात तो परवडण्याजोगा नव्हता.

घराघरांत ही कल्पना पोचली ती ऑक्टोबर १९८२ मध्ये, जपानमध्ये कॉम्पॅक्ट डिस्क विक्रीला आली तेव्हा. तिच्यात सेकंदाला ४४,१०० नमुने असतात. हा विचित्र आकडा संगीतशास्त्रातून आलेला नाही. आरंभीचे डिजिटल ध्वनिमुद्रण व्हिडिओ टेपवर होई; सेकंदाला ६० चित्रक्षेत्रे, प्रत्येकात वापरता येण्याजोग्या २४५ रेषा, दर रेषेत ३ नमुने. गुणाकार करून पाहावा. छापखान्याच्या सोयीने लिपीला वळण लागावे, तसाच हा प्रकार. नमुन्याची उंची १६ बिटांत, म्हणजे ६५,५३६ पायऱ्यांत मोजायची. फिलिप्सच्या पहिल्या यंत्रातला परिवर्तक तर १४ बिटांचाच होता; नमुने चौपट वेगाने हाताळून आणि चुकीचा गोंगाट ऐकू न येणाऱ्या पट्ट्यात ढकलून त्याने ही उणीव भरून काढली.

त्याच दशकात सीडी वाचणारे यंत्र आणि परिवर्तक यांच्या वेगवेगळ्या पेट्या निघू लागल्या. संगणकात मात्र उलटी वाट होती: १९८९ चे साउंड ब्लास्टर कार्ड आत खोचायचे, पुढे तेही मुख्य पाटीवरच्या एका चिपमध्ये मावले. बाहेरची वाट उघडली ती यूएसबीने. तिच्यावरून ध्वनी नेण्याचे मानक १९९८ मध्ये आले.

आणि तिथे खरा पेच उभा राहिला. आकडा अचूक असून भागत नाही, तो नेमक्या क्षणी पडावा लागतो. क्षण मागेपुढे झाला की स्वराचा आकार बिघडतो. या दोषाला जिटर म्हणतात. मग लय कोणी धरायची? शंभर कामांत गुंतलेल्या संगणकाने, की डॅकने? पहिल्या रीतीत डॅक संगणकाच्या मागे फरफटत जातो. दुसऱ्या, ‘असिंक्रोनस’ रीतीत डॅक आपल्या स्थिर घड्याळाने चालतो आणि लागेल तसे आकडे मागून घेतो; गवई मात्रा ठेक्याकडून घेतो, श्रोत्यांच्या चुळबुळीकडून नव्हे. ही तरतूद मूळ मानकातच होती. रसिकांच्या यंत्रांत ती रुळायला दशकभर गेले.

या पेट्यांविषयीचे परीक्षणलेखन वाचताना मात्र आपल्याकडील जुन्या रसग्रहणाची आठवण होते: ‘पडदा दूर झाला’, ‘गायिका समोर बसली’. एमपी३ करताना जे वगळले गेले, ते कोणताही डॅक परत आणू शकत नाही. यूएसबीच्याच तारेतून वीज घेणाऱ्या पेटीत कधीकधी संगणकाचा गोंगाटही मागोमाग येतो. शिवाय किंमत हा पुरावा नव्हे: २०१६ मध्ये आयफोनवरची हेडफोनची खाच गेली, तेव्हा सोबत आलेल्या बोटभर तारेतच एक डॅक होता.

मी एक साधी पेटी जोडली. चिरचिर गेली. तबकडीची खरखर पूर्वीपेक्षा स्पष्ट ऐकू येते.