शाळेतील मद्यनिषेधाचा पाठ

व्यसनाचा धोका मुलांना शाळेतच शिकवावा, या विचाराला कायद्याचे व्यापक बळ लाभले ते अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत, आणि त्याचे श्रेय मुख्यत्वे मॅसॅच्युसेट्समधील मेरी हंट या एकेकाळच्या शिक्षिकेकडे जाते. गुत्ते बंद व्हावयाचे तर उद्याचा मतदार आज शाळेच्या बाकावर घडला पाहिजे, या निष्ठेने स्त्रियांच्या मद्यनिषेध संघटनेमार्फत त्यांनी कायदेमंडळांमागे अर्जविनंत्यांचा असा तगादा लावला की, १८८२ मध्ये व्हर्मॉंट संस्थानाने मद्याच्या परिणामांचे शिक्षण सक्तीचे केले, आणि १९०१ पर्यंत अशा कायद्यावाचून एकही संस्थान उरले नाही. शारीरविज्ञानाच्या प्राथमिक क्रमिक पुस्तकाचा निदान चतुर्थांश भाग मद्य, तंबाखू आदी मादक पदार्थांना द्यावा, असा हंटबाईंचा आग्रह असे, आणि तो पाळणाऱ्या पुस्तकावरच त्यांच्या पसंतीची मोहोर उठे. अल्पमात्र मद्यही विषच, ही त्या पुस्तकांची शिकवण १९०३ मध्ये विद्वानांच्या एका समितीने अतिरंजित व अशास्त्रीय ठरविली.

हंटबाईंच्या तळमळीविषयी मला नितांत आदर आहे. दारूपायी धुळीस मिळालेले संसार त्यांच्या पिढीने उघड्या डोळ्यांनी पाहिले होते. परंतु शाळा म्हणजे केवळ पाठ नव्हे. तेथे मुलाचा पाणउतारा होतो, कौतुक होते, तो एकाकी पडतो किंवा कोणाचा तरी होतो, आणि ज्याला वर्गात जागा नाही तो वर्गाबाहेरच्या टोळक्यात ती शोधतो, मग तिचे मोल विडीने चुकवावे लागले तरी. या बाजूकडे धोरणकर्त्यांचे लक्ष फार उशिरा गेले. १९८३ मध्येही भिस्त पाठावरच होती : लॉस एंजेलिस येथे तो देण्यासाठी गणवेशधारी पोलीस अंमलदारच वर्गावर पाठविण्याची तजवीज झाली. तिचा देशभर बोलबाला झाला, आणि पुढील दशकातील तपासण्यांत मुलांच्या व्यसनावर तिचा परिणाम अत्यल्प आढळला.

१९९७ मध्ये मात्र बारा हजारांवर अमेरिकन किशोरांच्या मुलाखतींवरून एक निबंध प्रसिद्ध झाला, आणि त्यात असे दिसले की, शिक्षक आपल्याला न्यायाने वागवितात, येथील माणसे आपली आहेत, असे ज्यांना वाटे त्यांच्यात सिगारेट, मद्य व गांजा यांचे प्रमाण कमी होते.

मुख्याध्यापकांना माझी कळकळीची विनंती आहे : व्यसनमुक्तीच्या व्याख्यानाची तारीख ठरविण्यापूर्वी हजेरीपट मागवावा, आणि वारंवार गैरहजर राहणाऱ्या मुलाच्या घरी कोणी गेले होते काय, याची चौकशी करावी.