घरची बस आणि अर्धं तिकीट

म्हापशाहून आमच्या वाड्यावर येणारी रात्री साडेआठची शेवटची बस गेल्या महिन्यात बंद झाली. कुठे फलक लागला नाही, बातमी आली नाही. मी पत्रकार, पण मलाही चौथ्या दिवशी कळलं. तेही शेजारची मुलगी दुकानातली ड्युटी संपवून पायलटच्या मागे बसून घरी आली आणि तिच्या आईने मला विचारलं, "बस कुठे गेली रे बाबा?"

बस एका कुटुंबाची होती. आजोबांनी घेतली, मुलाने चालवली, नातवाने विकली. नाव लिहीत नाही, कारण दोष त्या घराचा नाही. तो कुणाचा, ते समजायला थोडं मागे जावं लागेल.

जुनी माणसं बसला ‘कारेर’ म्हणायची. शब्द पोर्तुगीज, गाड्याही त्याच काळापासूनच्या. गोव्यात तेव्हा नद्यांवर बऱ्याच ठिकाणी पूल नव्हते. म्हापशाहून पणजीला जायचं तर बसने बेतीपर्यंत, मग फेरीने मांडवी पार. मडगावकडे निघालात तर आगशी-कुठ्ठाळीला जुवारीवर पुन्हा तेच. नदीने रस्ता तोडलेला, म्हणून बसही आपापल्या पट्ट्यापुरती. त्यामुळे मोठी कंपनी उभी राहण्यापेक्षा एका घराच्या एक-दोन गाड्या, हीच पद्धत रुजली. बाप ड्रायव्हर, धाकटा भाऊ किलिंडर (म्हणजे कंडक्टर), आणि रात्री चिल्लर मोजायला घरातली बाई. काचेवर कुणी शांतादुर्गा लिहायचं, कुणी सांत आंतोन.

या बसने काय काय नेलं! शुक्रवारच्या बाजाराच्या पाट्या, कुणाची औषधं, मुंबईहून आलेली पत्रं. फाट्यावर म्हातारी धावत येताना दिसली की गाडी थांबायची. सुटे नसले तर "फाल्यां दी" (उद्या दे) म्हणून हिशेब उद्यावर. आमच्या पिढीने हे पाहिलंय. ५ जुलै १९८६ ला मांडवीचा पूल कोसळला तेव्हा मी लहान होतो. लोक पुन्हा बेतीला उतरून फेरी धरू लागले. पूल गेला, पण घरच्या बसेस धावत राहिल्या.

आता दुसरी बाजूही सांगतो, नाहीतर हे नुसतं आठवणींचं गोडवं होईल. हीच बस भरल्याशिवाय सुटत नसे. "फाटीं वच, फाटीं वच" करत माणसं कोंबली जात. संध्याकाळी प्रवासी कमी दिसले की शेवटची फेरी रद्द. मालकाशी ओळख असेल तर सोय, नसेल तर नशीब. ओळखीवर चाललेल्या सेवेत हक्क मागता येत नाही.

तो हक्क पहिल्यांदा विद्यार्थ्यांनी मागितला. १९७९ च्या सुमारास गोव्यातले विद्यार्थी रस्त्यावर उतरले. मागणी साधी होती : बसभाड्यात ५० टक्के सवलत. मुख्यमंत्री होत्या शशिकला काकोडकर. आंदोलन पेटलं आणि गोव्याच्या राजकारणात त्याची आठवण आजही काढली जाते. बसमालकांचं म्हणणंही खोटं नव्हतं. एका गाडीवर चार पोटं जगवणाऱ्या घराने अर्धं तिकीट खिशातून कसं भरायचं? विद्यार्थी बरोबर होते, मालकही बरोबर होते. अडचण एवढीच होती की सवलतीचे पैसे कोण देणार, हे कुणी ठरवलंच नव्हतं.

त्याचं उत्तर म्हणून १९८० साली कदंब महामंडळ आलं. नाव गोव्यावर राज्य केलेल्या कदंब घराण्याचं. पण इथे एक फरक लक्षात घ्या. शेजारी महाराष्ट्रात १ जून १९४८ ला पुणे-नगर एसटी सुटली आणि पुढे सरकारने एकेक मार्ग खाजगी मालकांकडून आपल्याकडे घेतला. गोव्यात तसं झालं नाही. कदंब आली, पण घरच्या बसेसच्या बाजूला. गावागावांतले कितीतरी मार्ग त्या घरांवरच सोडले गेले. चाळीस वर्षं ते निभावलंही.

आता निभत नाही. डिझेल, विमा, टायर, पासिंग, सगळं महाग. घरटी स्कूटर आल्या, प्रवासी कमी झाले. मालकाच्या मुलाला स्टिअरिंग नको, त्याला बोटीवर जायचंय किंवा सरकारी नोकरी हवी. त्याला का दोष द्यायचा? साडेआठच्या बसला सात-आठच माणसं असायची. ती फेरी तोट्यात होती आणि तो तोटा एक कुटुंब वर्षानुवर्षं गपचूप सोसत होतं. आपण त्याला ‘सेवा’ म्हणत होतो.

म्हणजे प्रश्न १९७९ चाच आहे. तेव्हा अर्धं तिकीट होतं, आज शेवटची फेरी आहे. तोट्याची पण गरजेची गोष्ट चालवायची, तर पैसे कोण देणार?

सरकारने ‘म्हजी बस’ योजना आणली आहे. खाजगी बस कदंबच्या अखत्यारीत चालवायची आणि मालकाला किलोमीटरप्रमाणे पैसे द्यायचे. कल्पना योग्य आहे, कारण मग बस भरण्याची वाट बघावी लागत नाही आणि वेळापत्रक सरकारचं राहतं. पण योजनेत कुठले मार्ग, कुठल्या वेळा, हे आपण बोललो नाही तर दुसरं कोण सांगणार? गर्दीच्या मार्गावर बस धावेलच. रात्रीच्या बसला कुणीतरी आवाज द्यावा लागतो.

म्हणून येत्या ग्रामसभेत मी साडेआठच्या बसचा ठराव मांडणार आहे. अनुमोदनाला हात हवेत. ज्यांच्या मुली, सुना, भाऊ म्हापशाहून उशिरा परततात, त्यांनी तरी या. आणि तुमच्या गावची कुठली फेरी बंद झाली, किती वाजताची, ते खाली लिहा. यादी करून मी ती वाहतूक खात्याकडे स्वतः नेऊन देईन.