कूतचा वेढा आणि शिपायाचे ताट

या मालिकेत आपण तोफा, नकाशे आणि सेनापती यांच्याबद्दल पुष्कळ बोलतो. आज मला शिध्याबद्दल बोलायचे आहे. फौजेत तीस-पस्तीस वर्षे काढलेला कोणीही माणूस तुम्हाला सांगेल की दारूगोळ्याइतकाच वेळ आम्ही आटा, डाळ आणि भाजी यांच्या हिशेबात घालवतो.

गोष्ट पहिल्या महायुद्धातली, इराकमधली. डिसेंबर १९१५ मध्ये तैग्रिस नदीच्या एका वळणात, कूत-अल-अमारा या गावी, जनरल टाउनशेंडची सहावी डिव्हिजन तुर्कांच्या वेढ्यात सापडली. या डिव्हिजनचे दुसरे नाव पूना डिव्हिजन. तिच्यात १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी होत्या. त्यांच्याबरोबर पंजाबी, राजपूत, गुरखे आणि काही गोऱ्या पलटणी. वेढा जवळजवळ पाच महिने चालला.

कूतमध्ये एकाच तटबंदीच्या आत दोन वेगवेगळे आजार पसरले. गोऱ्या सैनिकांना बेरीबेरी झाला आणि आपल्या शिपायांना स्कर्व्ही. वेढा एकच, उपासमार एकच, मग आजार दोन कसे? कारण ताटे दोन होती. गोरे लोक पांढऱ्या पिठाचा पाव खात. त्या पिठातला कोंडा काढून टाकलेला, म्हणजे ब१ जीवनसत्त्व गेलेले. आपले लोक कोंड्यासकट आटा खात, म्हणून बेरीबेरी त्यांच्या वाटेला गेला नाही. पुढे पांढरे पीठ संपले, गोऱ्यांनाही आटा आणि जवाचे पीठ मिळू लागले, आणि त्यांचा बेरीबेरी थांबला! डॉक्टरांनी हे नोंदवून ठेवले आहे. जव दळायला जाती कमी पडली, तेव्हा विमानातून जात्याचे दगड टाकण्यात आले.

स्कर्व्हीचे मात्र उलटे झाले. भाजी कोणालाच नव्हती. गोरे सैनिक जानेवारीअखेरपासून घोड्याचे मांस खाऊ लागले. ताज्या मांसात क जीवनसत्त्व थोडेच असते, पण स्कर्व्ही दूर ठेवायला तेवढे कामी येते. आपल्या शिपायांनी घोडा खायला नकार दिला. हिरड्या सुजल्या, जुन्या जखमा उघडू लागल्या, तरी नकार कायम. काही जण नदीकाठचा पाला सागासारखा शिजवून खात. त्यातला काही विषारी निघाला.

इथे एक गैरसमज दूर करतो. हा शाकाहाराचा प्रश्न नव्हता. मराठा शिपाई काय किंवा पंजाबी मुसलमान काय, बकरा आनंदाने खाणारी माणसे. टाउनशेंडने हिंदुस्थानातल्या धर्मगुरूंची मते तारेने मागवली. त्यांनी सांगितले, संकटात चालेल. तरीही शिपाई हलले नाहीत.

कारण भीती देवाची नव्हती, गावाची होती. घरी गेल्यावर लोक म्हणतील, याने घोडा खाल्ला. पंगतीत शेजारी कोण बसेल? मुलीला स्थळ कोण आणेल? आपल्याकडे रोटीव्यवहार आणि बेटीव्यवहार हे शब्द जोडीने येतात ते उगाच नाही. इंग्रज अधिकाऱ्यांपैकी अनेकांना हा निव्वळ हट्ट वाटला. मला तसे वाटत नाही. शिपाई पोटासाठी जेवतो हे खरे, पण तो एकटा कधीच जेवत नाही. त्याच्या ताटाभोवती सारे गाव बसलेले असते, आणि ते गाव हजारो मैलांवर असले तरी उठत नाही.

एप्रिलमध्ये माणशी रोजचे पीठ १५० ग्रॅमच्याही खाली आले. टाउनशेंडने जाहीर केले की मांस न खाऊन जे अशक्त होतील त्यांच्या जागी खाणाऱ्यांना बढती देऊ. तेव्हा कुठे नकार मोडला. आणि मोडला तो एकेकट्याने नाही. सगळे खाणार असतील तर कोण कोणाला नावे ठेवणार? हजारो लोक खाऊ लागले, पण तोवर शरीरे खचली होती. २४ एप्रिलला २७० टन रसद घेऊन निघालेले जुलनार जहाज तुर्कांच्या हाती पडले आणि २९ एप्रिल १९१६ रोजी सुमारे तेरा हजार माणसे कैद झाली. त्या कैदेतून कितीतरी जण परतले नाहीत.

यानंतर सरकारला हिंदी शिपायाच्या शिध्याकडे नीट पाहावे लागले. आटा, डाळ, तूप, गूळ दिले की झाले, ही समजूत गेली. ताजी भाजी आणि ताजे मांस वाढले. १९१९ मध्ये लंडनच्या लिस्टर संस्थेतल्या हॅरिएट चिक आणि मॅरियन डेल्फ या दोन विदुषींनी दाखवून दिले की कोरड्या कडधान्यात स्कर्व्ही रोखणारे तत्त्व नसल्यासारखेच असते, पण तेच धान्य भिजवून मोड आणले की ते तयार होते. हे वाचताना मला आपली मटकीची उसळ आठवते. इंदूर, बडोदा, बेळगाव, कुठेही राहणाऱ्या मराठी घरात ती होतेच. (डाळीला मात्र मोड येत नाहीत, अख्खे कडधान्य लागते, आणि फार शिजवले तर कमावलेले गमावते.)

त्या काळी पलटणीत जातवार, धर्मवार लंगर वेगळे असत. माझ्या नोकरीत मी पाहिला तो एकच लंगर, एकच रांग, आणि सणावाराला बडाखाना, जिथे कमांडिंग अफसरापासून नव्या रंगरुटापर्यंत सगळे एकत्र जेवतात. लंगरात एक जुना सुभेदार नेहमी ताटांकडे न पाहता माणसांकडे पाहत उभा असे. कोणी जवान दोन दिवस कोपऱ्यात एकटा जेवताना दिसला, की संध्याकाळी सुभेदारसाहेब स्वतःचे ताट घेऊन त्याच्या शेजारी जाऊन बसत. बोलत काही नसत. आधी जेवत.