पायाखालचा सुरुंग

1700 च्या एप्रिलमध्ये औरंगजेबाच्या फौजेने साताऱ्याच्या किल्ल्याखाली सुरुंग भरून बत्ती दिली. पहिल्या स्फोटात किल्ल्यातली माणसं गाडली गेली. दुसऱ्या स्फोटात मात्र तट बाहेरच्या बाजूला ढासळला आणि चढाईसाठी खाली दाटीने उभ्या असलेल्या मोगलांवरच येऊन पडला. शेकडो माणसं त्या दगडमातीखाली संपली. पहिल्या स्फोटात गाडले गेलेले किल्लेदार प्रयागजी प्रभू ढिगाऱ्याखालून जिवंत निघाले.

तेव्हाचा सुरुंग असा होता. भिंत पाडायची म्हणून खणलेलं भुयार, त्यात दारू, आणि बत्ती लावणारा माणूस जवळच हजर. त्याची चूक झाली तर ती त्याच्याच अंगावर येई. आज आपण ज्याला भूसुरुंग म्हणतो त्यात हा बत्ती लावणारा माणूसच उरलेला नाही. बत्ती देतं ते वरून चालत जाणारं पाऊल. गडचिरोलीच्या बातम्यांतून हा शब्द आपल्या कानावर येतो, पण तिथे पुष्कळदा कुणीतरी दबा धरून बसलेला असतो आणि वाहन आलं की तो स्फोट घडवतो. ज्या सुरुंगाविरुद्ध जगभर चळवळ झाली, तो कुणाची वाट पाहायची हे जाणत नाही. सैनिक, गुराखी, सरपणाला गेलेली बाई, सगळी पावलं त्याला सारखी.

या जातीच्या सुरुंगाचा मोठ्या प्रमाणावर वापर अमेरिकेच्या यादवी युद्धात झाला. मे 1862 मध्ये व्हर्जिनियातल्या यॉर्कटाउनहून माघार घेताना दक्षिणेच्या सैन्यातल्या जनरल गॅब्रिएल रेन्सने पाय पडताच फुटतील असे तोफगोळे वाटेत पुरून ठेवले. आक्षेप घरातूनही आला. रेन्सचा वरिष्ठ जनरल लाँगस्ट्रीट याला हा प्रकार युद्धाच्या रीतीत बसणारा वाटला नाही आणि त्याने मनाई केली. प्रकरण युद्धमंत्र्यापर्यंत गेलं. त्याने निवाडा दिला तो असा: नुसतं माणूस मारण्यासाठी गोळे पुरणं गैर, पण ठाणं राखण्यासाठी किंवा पाठलाग अडवण्यासाठी पुरले तर चालतील.

या निवाड्यापाशी थोडं थांबायला हवं. 'लष्करी गरज' नावाची जी पळवाट पुढे सव्वाशे वर्षं कुणाला बुजवता आली नाही, ती इथे लेखी झाली. ठाणं राखायला पुरलेला सुरुंग ठाणं सोडल्यावर काय करतो, हा प्रश्न त्या निवाड्यात नव्हता. नंतरच्या कायद्यांतही तो फार उशिरा आला.

दुसऱ्या महायुद्धात रणगाड्यांसाठी पुरलेले सुरुंग शत्रूने उकरून नेऊ नयेत म्हणून त्यांच्याभोवती माणसांसाठीचे छोटे सुरुंग पेरले जाऊ लागले. इजिप्तमध्ये एल अलामीनच्या वाळवंटात ते लढाईनंतर कित्येक दशकं पडून राहिले. मग विमानांतून सुरुंग टाकण्याची सोय झाली आणि पेरणाऱ्याकडे नकाशाही उरला नाही. अमेरिकेने इंडोचायनात छोटे पंखवाले सुरुंग टाकले, सोव्हिएत फौजेने अफगाणिस्तानात त्याच घडणीचे फुलपाखरासारखे सुरुंग विखुरले. रंगीत प्लॅस्टिकची ती वस्तू पोरांनी उचलून पाहणं अगदी स्वाभाविक होतं. 1980 मध्ये जिनिव्हात याबद्दल एक आंतरराष्ट्रीय करार झाला. त्याने सुरुंगांच्या वापरावर काही बंधनं घातली, सुरुंग मात्र कायदेशीरच ठेवला.

हे बदललं ते इस्पितळांतून. पेशावर, क्वेट्टा, कंबोडियाची सरहद्द, इथल्या शस्त्रक्रियागृहांत रोज पाय कापणारे डॉक्टर, कृत्रिम पाय बसवणारे कारागीर आणि सुरुंग हातांनी उकरून काढणारे लोक एकच गोष्ट पाहत होते: युद्ध संपलेलं असलं तरी जखमी येणं संपत नाही. आपल्या जयपूर पायाचं तंत्र अफगाणिस्तान आणि कंबोडियापर्यंत गेलं ते याच गरजेतून. सप्टेंबर 1991 मध्ये मानवी हक्कांसाठी काम करणाऱ्या दोन संस्थांनी कंबोडियातल्या सुरुंगांवर अहवाल काढला आणि मर्यादित वापर नको, संपूर्ण बंदी हवी, अशी मागणी मांडली. ऑक्टोबर 1992 मध्ये सहा संस्था एकत्र आल्या आणि भूसुरुंगबंदीची आंतरराष्ट्रीय मोहीम उभी राहिली. समन्वयाचं काम जोडी विल्यम्स यांच्याकडे आलं. सुरुवातीचं बरंचसं काम फॅक्सवर चाललं. त्या सहांपैकी एक संस्था व्हिएतनाम युद्धातून परतलेल्या अमेरिकी सैनिकांची होती. तिचे प्रमुख बॉबी म्युलर स्वतः चाकांच्या खुर्चीत होते. युद्धातलं तुम्हाला काय कळतं, असं त्यांना कुणी विचारू शकत नव्हतं.

1995 मध्ये पॅरिसच्या चौकात लोकांनी जुन्या चपला-बुटांचा ढीग रचला. तुटलेल्या पायाला नको असलेला बूट, एवढाच त्याचा अर्थ होता, आणि तो कुणाला समजावून सांगावा लागला नाही. त्याच वर्षी बेल्जियमने कायदा करून सुरुंगांवर बंदी घातली.

मला या साऱ्या इतिहासात सर्वांत मोलाची वाटते ती 1996 ची एक तपासणी. आंतरराष्ट्रीय रेड क्रॉसने 1940 नंतरच्या 26 संघर्षांची छाननी एका ब्रिगेडियरकडून करून घेतली. माणसांसाठी पेरलेल्या सुरुंगांनी लढाईचं पारडं क्वचितच फिरवलं, असा तिचा निष्कर्ष निघाला. त्याच सुमारास अमेरिकेच्या 15 निवृत्त सेनाधिकाऱ्यांनी बंदीला पाठिंबा देणारं खुलं पत्र प्रसिद्ध केलं. त्यात आखाती युद्धाचे सेनापती श्वार्झकॉफ होते. लष्करी गरज हा युद्धमंत्र्याचा मुद्दा असा खुद्द लष्करी माणसांनीच तपासून बाजूला सारला. लाँगस्ट्रीटचा आक्षेप खरा ठरायला 134 वर्षं लागली.

जिनिव्हातली बोलणी 1996 च्या मे महिन्यात 1980 च्याच करारात थोडी दुरुस्ती करून संपली. तेव्हा ऑक्टोबरमध्ये कॅनडाचे परराष्ट्रमंत्री लॉइड अ‍ॅक्सवर्दी यांनी ओटावात जमलेल्या देशांना सांगितलं, वर्षभरात पूर्ण बंदीचा करार तयार करून इथेच सहीला या. मसुद्यासाठी ओस्लोत भरलेल्या बैठकीत अमेरिकेने सवलती मागितल्या, त्या मिळाल्या नाहीत. 18 सप्टेंबर 1997 ला मसुदा मंजूर झाला आणि डिसेंबरात 122 देशांनी ओटावात सह्या केल्या. वापर, साठा, उत्पादन, देवाणघेवाण, सगळ्यावर बंदी. साठा चार वर्षांत नष्ट करायचा, जमीन दहा वर्षांत साफ करायची. त्याच महिन्यात मोहिमेला आणि जोडी विल्यम्स यांना शांततेचं नोबेल दिलं गेलं. मोहिमेच्या वतीने ते स्वीकारायला तुन चान्नारेथ गेले होते. सुरुंगाने दोन्ही पाय गमावलेला हा कंबोडियन माणूस सिएम रीपला अपंगांसाठी चाकांच्या खुर्च्या बनवायचा.

त्यानंतर साठ्यातले पाच कोटींहून जास्त सुरुंग नष्ट झाले. या मोहिमेकडे तोफा नव्हत्या, पैसाही बेताचाच होता, हे लक्षात घेतलं तर हा आकडा फार मोठा आहे.

पण 1862 चा निवाडा मेलेला नाही. 2025 मध्ये लिथुआनिया, लातव्हिया, एस्टोनिया, फिनलंड आणि पोलंड यांनी रशियाच्या भीतीपोटी या करारातून बाहेर पडण्याचा निर्णय घेतला. कारण तेच, सीमा राखायची आहे. त्यांची भीती खोटी नाही. तरीही सुरुंगाला ती सीमा कळत नाही, आणि ती शांत झाल्याचंही कळत नाही.

आपल्यालाही हे ठाऊक असायला हवं. संसदेवरच्या हल्ल्यानंतर, डिसेंबर 2001 पासून, ऑपरेशन पराक्रम या सैन्याच्या जमवाजमवीत पाकिस्तानच्या सीमेलगत सुरुंग पेरले गेले. पंजाब आणि राजस्थानात ते पिकाच्या शेतांतही होते. युद्ध झालंच नाही. तरी सुरुंग काढताना आपले जवान जखमी झाले, आणि आपल्याच रानात पाऊल टाकताना आपले शेतकरीही.

ओटावा करारावर भारताची सही नाही. कारण म्हणून लांबलचक सीमा आणि संरक्षणाची गरज सांगितली जाते. सीमेवर आपले जवान रात्रंदिवस उभे असतात, त्यांच्या पायांसाठी तरी सही का नाही, हा प्रश्न लोकसभेत विचारला जावा. तुमच्या खासदाराला एक पत्र लिहा.