ग्राफीन प्लाझ्मॉन

ग्राफीनमधील मुक्त इलेक्ट्रॉनांची प्रकाशाशी जोडली गेलेली सामूहिक आंदोलने. ती अवरक्त व टेराहर्ट्झ कंप्रतांना आढळतात. ग्राफीन हा कार्बन अणूंचा एकच थर, जाडी सुमारे 0.34 नॅनोमीटर. मँचेस्टर विद्यापीठातील आंद्रे गाइम व कॉन्स्टंटिन नोव्होसेलॉव्ह यांनी 2004 मध्ये त्यासंबंधीचे संशोधन प्रसिद्ध केले.

सोन्याचांदीत इलेक्ट्रॉनांची घनता ठरलेली असते. म्हणून त्यांतील आंदोलनांची कंप्रता सहजी बदलत नाही. ग्राफीनवरील विद्युत् दाब बदलला, की इलेक्ट्रॉनांची घनता बदलते आणि सतारीची खुंटी पिळावी तशी कंप्रताही सरकते. मात्र ती घनतेच्या चतुर्थमूळाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे कंप्रता दुप्पट करण्यासाठी घनता सोळापट लागते. बर्कली येथील संशोधकांनी 2011 मध्ये ग्राफीनच्या सूक्ष्म पट्ट्यांवर हे नियंत्रण टेराहर्ट्झ पल्ल्यात दाखवले.

याहून विलक्षण गुण आकुंचनाचा. 2012 मध्ये दोन गटांनी स्वतंत्रपणे घेतलेल्या प्रतिमांत सुमारे 11 मायक्रोमीटर लांबीचा अवरक्त तरंग ग्राफीनवर 200 नॅनोमीटरच्या आसपास आलेला दिसला. प्रथिनांचे रेणू ओळखणाऱ्या संवेदकांना या आकुंचनामुळे एकवटलेल्या विद्युत् क्षेत्राचा लाभ होतो.

खरी अडचण ऊर्जाऱ्हासाची आहे. तरंग थोड्याच अंतरात विरतो. षट्कोनी बोरॉन नायट्राइडच्या थरांत ग्राफीन बंदिस्त केल्यास हा ऱ्हास बराच घटतो. तशा नमुन्यांत, द्रव नायट्रोजनच्या तापमानाच्या आसपास, 10 मायक्रोमीटरपेक्षा अधिक प्रसारण 2018 मध्ये नोंदले गेले.