काळी माती आणि ब्रेक पाईप

१९५४ साली जमशेदपुरात टाटा-मर्सिडीज ट्रक तयार होऊ लागले. जर्मन कंपनीशी असलेला करार १९६९ साली संपला. त्या घडणीचे ट्रक मात्र पुढेही धावत राहिले. जर्मनीत नळ्या गंजवते ते हिवाळ्यात रस्त्यावर टाकलेले मीठ. परभणीत बर्फ नाही, पण पावसाळ्यात चासीला लिंपून बसणारी काळी माती ओल धरते आणि तिच्याखाली ब्रेक व डिझेलचे पाईप निमूटपणे सडतात. ब्रेक ऑइलही हवेतली ओल शोषते. म्हणजे गंज आतूनही. जुन्या, एकेरी मंडलाच्या द्रवदाब ब्रेकमध्ये एक पाईप फुटला की चारही चाकांचा दाब जातो. अशा जागी तांब्याची नळी बसवण्याचा मोह होतो, कारण ती सहज वाकते. पण धक्क्यांनी ती कडक होऊन तडकते. तेथे पोलादी किंवा तांबे-निकेलचीच हवी.