रिपोर्टातल्या आकड्यांची गोष्ट

गटाच्या बैठकांना गेलो की एक प्रश्न आम्हाला कोपऱ्यात घेऊन, हळूच विचारला जातो. "ताई, सीडी फोर सहाशे आला. आता गोळ्या बंद केल्या तर चालतील ना?" नाही चालणार. पण नुसतं नाही म्हणून कुणाचं समाधान होत नाही, म्हणून आज या आकड्यांचा इतिहासच सांगतो. रिपोर्टातली प्रत्येक ओळ कधीतरी, कुणाच्या तरी त्रासातून तिथं आली आहे.

भारतात ही गोष्ट १९८६ साली चेन्नईत सुरू झाली. सेल्लप्पन निर्मला नावाची एक विद्यार्थिनी, दोन लेकरांची आई, आपल्या मार्गदर्शक डॉ. सुनीती सोलोमन यांच्या सांगण्यावरून सरकारी सुधारगृहातल्या बायांचं रक्त गोळा करत होती. हातमोजे नाहीत, नीट प्रयोगशाळा नाही. रक्ताच्या बाटल्या तिनं घरच्या फ्रिजमध्ये ठेवल्या आणि नवऱ्यासोबत वेल्लोरच्या दवाखान्यात तपासायला नेल्या. सहा नमुन्यांचा रंग पिवळा झाला. देशात एचआयव्ही आहे हे तेव्हा कळलं. इतिहासात नावं राहिली ती तपासणाऱ्यांची. ज्यांचं रक्त होतं त्या सहाजणींना कशाची तपासणी आहे हे कुणी धड समजावलंही नव्हतं. आम्हाला निर्मलाबाईंचं कौतुक आहेच, पण ही बाजूही सांगायला हवी.

ती तपासणी फक्त हो किंवा नाही एवढंच सांगायची. शरीर कितपत तग धरून आहे, ते कळायला सीडी फोर लागला. आपल्या रक्तातल्या पांढऱ्या पेशींत काही पेशी हाळी देणाऱ्या असतात. वाडीत चोर शिरला की एकजण ओरडतो आणि मग सगळे काठ्या घेऊन धावतात, तसं. एचआयव्हीचा विषाणू नेमका या हाळी देणाऱ्यांनाच धरतो. निरोगी माणसात हा आकडा साधारण ५०० ते १५०० असतो. २०० च्या खाली गेला की टीबी, न्यूमोनिया अशा आजारांचा धोका फार वाढतो.

१९९६ च्या सुमारास दोन गोष्टी झाल्या. तीन औषधं एकत्र दिली तर विषाणू दबतो हे दिसलं, आणि रक्तात विषाणू किती आहे हे मोजणारी तपासणी, म्हणजे व्हायरल लोड, वापरात आली. डॉक्टर तेव्हा आगगाडीचं उदाहरण देत. पुढं पूल तुटलाय. गाडी पुलापासून किती लांब आहे ते सीडी फोर सांगतो, गाडीचा वेग व्हायरल लोड सांगतो. आम्हाला यापेक्षा सोपं उदाहरण अजून सापडलेलं नाही.

पण औषधांचा खर्च वर्षाला दहा हजार डॉलरच्या पुढं होता. २००१ साली मुंबईच्या सिप्ला कंपनीनं तेच औषध वर्षाला ३५० डॉलरला द्यायची तयारी दाखवली. आणि १ एप्रिल २००४ पासून सरकारी दवाखान्यांत एआरटी मोफत सुरू झाली. सुरुवातीच्या केंद्रांत मुंबईचं जे. जे. रुग्णालय होतं.

मोफत, पण अट होती. बाकी लक्षणं नसतील तर सीडी फोर २०० च्या खाली आल्यावरच गोळ्या. म्हणजे एखादी बाई एसटीनं सहा तास प्रवास करून यायची आणि तिला सांगायचे, तुमचा आकडा अजून चांगला आहे, नंतर या. आजारी पडेपर्यंत थांबा, असाच त्याचा अर्थ. औषधं आणि पैसा कमी होता हे खरं, तरी त्या 'नंतर या' मध्ये किती घरं मोडली असतील. पुढं अट ३५० झाली, मग ५००, आणि २०१७ साली ती काढूनच टाकली. गरोदर बायांना ही सूट त्याआधीच मिळाली होती. आता एचआयव्ही आहे असं कळलं की आकडा कितीही असो, उपचार सुरू.

आता त्या कोपऱ्यातल्या प्रश्नाकडे येऊ. आकडा वाढला तर गोळ्या थांबवाव्यात का, हा प्रश्न डॉक्टरांनाही पडला होता. ३३ देशांतल्या साडेपाच हजारांजवळ लोकांवर 'स्मार्ट' नावाचा अभ्यास झाला. निम्म्यांनी औषध चालू ठेवलं. निम्म्यांनी सीडी फोर ३५० च्या वर असताना थांबवलं आणि २५० च्या खाली आल्यावर परत सुरू केलं. थांबवणाऱ्यांत गंभीर आजार आणि मृत्यूचा धोका दुपटीहून जास्त निघाला, म्हणून जानेवारी २००६ मध्ये तो प्रयोग थांबवावा लागला. सहाशे आकडा आला आहे तो गोळ्यांमुळे. आणि तो रोज थोडा हलतोही. सकाळी कमी, संध्याकाळी जास्त, ताप-खोकल्यात कमी. गरोदरपणात रक्त पातळ होतं म्हणूनही उतरतो. तेव्हा सातशेचा सहाशे झाला म्हणून जेवण टाकू नका, आणि शेजारणीच्या आकड्याशी तुलना तर मुळीच नको.

खरी परीक्षा आता व्हायरल लोडची. आपल्या देशात २०१८ पासून ही तपासणी नियमित होऊ लागली. सुरुवातीला सहा महिन्यांनी, मग वर्ष झाल्यावर, पुढं वर्षातून एकदा. 'टार्गेट नॉट डिटेक्टेड' असं लिहून आलं तर विषाणू तपासणीत सापडत नाही, इतका दबला आहे. तो अंगातून गेलेला नाही. १००० च्या वर आला तर लगेच औषध बदलत नाहीत. आधी समुपदेशक बसवून विचारतात की गोळ्या कुठं चुकल्या, आणि साधारण तीन महिने नीट गोळ्या घेतल्यावर परत तपासतात. तिथं खरं सांगा. सासूपासून लपवावं लागतं म्हणून चुकली, लग्नघरात डबी काढता आली नाही म्हणून चुकली, हे रोजचंच आहे. ऊसतोडीला जाणार असाल तर आधी केंद्रात सांगा, दुसऱ्या जिल्ह्यात गोळ्या मिळायची सोय होते.

यातली एक गोष्ट आपल्या पुण्याशी जोडलेली आहे. जोडप्यातला एक बाधित, दुसरा नाही, अशी १७६३ जोडपी नऊ देशांतून एका अभ्यासात होती. त्यात भोसरीच्या 'नारी' संस्थेत येणारी जोडपीही होती. २०११ साली निकाल आला. लवकर औषध सुरू केलं तर जोडीदाराला लागण होणं ९६ टक्क्यांनी घटलं. पुढच्या अभ्यासांतून अजून पक्कं झालं की विषाणू सापडतच नसेल तर शरीरसंबंधातून तो जात नाही. अंगावर दूध पाजण्याची गोष्ट मात्र वेगळी, ती डॉक्टरांना विचारूनच ठरवा.

उरलेल्या ओळी जुन्या औषधांच्या आठवणी आहेत म्हणा ना. झिडोव्युडीननं रक्त कमी व्हायचं, म्हणून हिमोग्लोबिन. नेविरापीननं यकृताला सूज यायची, बायांना जास्त, म्हणून एसजीपीटी. स्टॅव्युडीननं पाय जळायचे आणि गालफडं बसायची. ज्या बाईनं गावापासून सगळं लपवलं तिचा चेहराच बोलायला लागायचा. ते औषध आता बंद झालं, बरं झालं. आजच्या गोळीत टेनोफोव्हिर असतं, ते काहींच्या मूत्रपिंडावर परिणाम करतं, म्हणून क्रिएटिनिन. त्याच गोळीतल्या डोलुटेग्राव्हिरनं हा आकडा मूत्रपिंड ठीक असतानाही थोडा वर दिसतो, तेव्हा बघून घाबरण्याआधी विचारा.

आणि २०१७ च्या एचआयव्ही कायद्यानं तुमच्या संमतीशिवाय ही तपासणी करता येत नाही, निकाल तुमच्याशिवाय इतरांना सांगता येत नाही. रांगेत सगळ्यांसमोर कुणी आकडा वाचायला लागलं तर "आत बसून बोलू" असं स्पष्ट म्हणा. फोनवर विचारायचं असेल तर १०९७ हा सरकारी नंबर आहे, त्याला पैसे पडत नाहीत.